आधी थांबता आलं पाहिजे
(जुन्या शेवरोले पिकअपचे ब्रेक, चाकं आणि सस्पेन्शन : प्रस्तावना)

जुनी पिकअप घेणाऱ्याची नजर सगळ्यात आधी चाकांवर जाते. गाडी अजून दारात आलेली नसते, कागद नावावर व्हायचे असतात, आणि याच्या डोळ्यांपुढे मात्र वीस इंची झगझगीत रिम आणि रस्त्याला पोट टेकेल इतकी खाली बसवलेली गाडी उभी असते. मग चाकांची ऑर्डर जाते. चाकं येतात, चढतात, आणि पहिल्याच मोठ्या वळणावर टायर मडगार्डच्या कडेला घासतो. म्हणून सस्पेन्शनला हात घालावा लागतो. ते उघडलं की बुश गेलेले दिसतात, बॉल जॉइंट खुळखुळत असतात, खर्च वाढत जातो. ब्रेकची पाळी येईपर्यंत पैसेही संपलेले असतात आणि उत्साहही. वरातीच्या घोड्यासारखी सजलेली, पण ऐनवेळी न थांबणारी गाडी शेवटी हायवेवर येते. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत अशी एखादी तरी हमखास भेटते. हे पुस्तक त्या उलट्या क्रमाविरुद्ध लिहिलं आहे.

ब्रेक, चाकं आणि सस्पेन्शन यांची बिलं वेगवेगळी येतात, पण काम एकच असतं. डिस्क किती मोठी घ्यायची यावर रिम किती इंची लागणार हे ठरतं. स्पिंडल कुठल्या सालचं, यावर चाकाला बोल्ट पाच की सहा हे ठरतं. गाडी किती खाली घ्यायची यावर टायरची रुंदी, शॉकअपची लांबी आणि मागच्या ॲक्सलची जागा ठरते. तेव्हा निर्णय तिन्हींचे एकदम, कागदावर, आणि पैसे मात्र आधी ब्रेकवर, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे.

विषय मुद्दाम एकाच गाडीपुरता ठेवला आहे: शेवरोलेची १९६७ ते १९७२ या सालांतली सी-१० पिकअप. सी म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी, दहा म्हणजे अर्ध्या टनाची. आखूड हौद्याची घेतली तर व्हीलबेस ११५ इंच, लांब हौद्याची घेतली तर १२७. आखूड गाडीला मागणी जास्त, म्हणून भावही जास्त. लांब गाडीची चॅसी कापून ती आखूड करणारेही आहेत, पण तो वेगळा उद्योग आणि वेगळं पुस्तक. ही गाडी निवडण्याचं कारण साधं आहे. तिचे सुटे भाग आजही नव्यानं बनतात, आणि तिच्यानंतरच्या सालांतले कारखान्याचेच भाग तिला बसतात. म्हणजे चांगले ब्रेक मिळवण्यासाठी फार डोकं लढवावं लागत नाही. ते काम जनरल मोटर्सच्या इंजिनिअरांनी १९७१ मध्येच करून ठेवलं आहे.

शेवरोले हे नाव मराठी माणसाला नवं नाही. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता, तिथून शेवरोलेच्या मोटारी आणि ट्रक बाहेर पडत. तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला, त्यामुळे ही पिकअप त्या वाटेनं इकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. तिची भेट होते ती टेक्सास, मिशिगन, कॅलिफोर्नियाकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना. घराला दोन गाड्यांचं गॅरेज असतं, शनिवार-रविवार मोकळा असतो, आणि शेजारचा म्हातारा शेतकरी आपली जुनी गाडी काढायला निघालेला असतो. पुस्तक प्रामुख्यानं त्यांच्यासाठी आहे.

पुण्या-मुंबईचे वाचक विचारतील, इथल्या जुन्या गाडीवर हे करता येईल का? कायद्यानं अवघड आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला आडकाठी करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ती आडकाठी आणखी पक्की केली. २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले, पण तिथेही चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी चालत नाही. इथल्या वाचकानं पुस्तक ब्रेक कसा चालतो हे समजून घेण्यासाठी वाचावं. ते ज्ञान कुठल्याही आरटीओच्या हद्दीत चालतं.

आता गाडीकडे येऊ. पिकअप ओझं वाहायला जन्माला आली, हे तिच्यावर काम करताना एक क्षणही विसरून चालत नाही. मागे अर्धा टन धान्याची पोती टाकली की ती शहाण्यासारखी वागते. हौदा रिकामा असला की पुढे इंजिनाचं वजन, मागे नुसता पत्रा, असा प्रकार होतो. ब्रेक मारला की उरलंसुरलं वजनही पुढे झुकतं. हलकी झालेली मागची चाकं जाम होतात आणि गाडीचं शेपूट आडवं जायला बघतं. पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी निदान सरळ घसरते. मागची आधी झाली तर ती फिरते. पावसात हे ज्यानं अनुभवलं आहे, त्याला पुढचं सगळं पुस्तक पटायला वेळ लागणार नाही.

१९६७ पासून १९७० पर्यंत या गाडीला चारही चाकांना ड्रम होते. ड्रम वाईट असतो असं समजू नये. त्याची एक खुबी आहे: शू ड्रमला टेकला की फिरणारा ड्रमच त्याला आपल्याबरोबर ओढतो आणि आणखी घट्ट दाबतो. त्यामुळे कमी जोरात ब्रेक लागतो, पायाला बूस्टरची गरज भासत नाही. पण हीच खुबी उलटतेही. एका बाजूचा शू थोडा ओला असला, किंवा ॲडजस्टमेंट थोडी इकडेतिकडे असली, की दोन्ही बाजूंची ओढ सारखी राहत नाही आणि स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढलं जातं. घाट उतरताना ड्रम तापतो, तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब सरकतो, आणि पेडल खोल खोल जाऊ लागतं. डिस्क तापली तर जाड होते, पॅडच्या जवळ येते. शिवाय ती उघड्यावर असते, वाऱ्यानं निवते, पाणी लगेच झटकते. फरक एवढाच, पण उतारावर तो पुरेसा असतो.

वेगाचं गणितही डोक्यात ठेवावं. ताशी ३५ मैलांनी जाणारी गाडी थांबवायला जेवढी ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते, तिच्या चौपट ७० मैलांच्या वेगात लागते, दुप्पट नव्हे. शेतापासून गावातल्या बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीचे ब्रेक आज सहा पदरी रस्त्यावर मोटारींच्या मधोमध वापरले जातात. त्यातही समोरची मोटार नवी असते. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना स्थिरता-नियंत्रण सक्तीचं झालं आणि त्याच्याबरोबर एबीएसही आलं. ती मोटार जिथे थांबते तिथे तुमची पिकअप थांबत नाही. तुम्ही कितीही जपून चालवा, अंतर समोरचा ठरवतो.

एका बाबतीत शेवरोलेला शाबासकी द्यायला हवी. १९६७ पासून या गाडीला दोन कप्प्यांचा मास्टर सिलेंडर आहे. एक पाइप फुटला तरी उरलेल्या दोन चाकांना ब्रेक राहतो. त्याआधीच्या गाड्यांना एकच कप्पा, एक गळती झाली की चारही चाकं मोकळी. अशी १९६६ किंवा त्याआधीची गाडी तुमच्याकडे असेल, तर डिस्कचा विचार नंतर करा, आधी तो मास्टर सिलेंडर बदला.

१९७१ मध्ये कारखान्यातूनच पुढे डिस्क यायला लागल्या आणि तिथूनच आपली वाट सोपी होते. १९७१-७२ चे स्पिंडल, डिस्क, कॅलिपर जुन्या गाडीला चढवता येतात. १९७३ ते १९८७ या सालांतल्या चौकोनी तोंडाच्या पिकअपचा पुढचा अख्खा क्रॉसमेंबर, आर्म-स्प्रिंगांसकट, थोडी भोकं पाडून बोल्टांवर बसतो. भंगारवाल्याकडून असा संच आणून, धुऊन, बुश आणि बॉल जॉइंट नवे घालून बसवणं हा अजूनही पैसा वसूल करणारा मार्ग आहे. नवा किट त्यापेक्षा सुटसुटीत, पण महाग.

या बदलात हमखास फसतं ते एक लहानसं काम, म्हणून ते इथेच सविस्तर सांगतो. ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये, पाइप जोडतात त्या तोंडाशी, एक छोटी झडप दडलेली असते. पाय उचलल्यावरही ती पाइपात साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवते. त्यामुळे व्हील सिलेंडरचे रबरी कप भिंतीला चिकटून राहतात आणि आत हवा शिरत नाही. ड्रममध्ये शू मागे खेचायला दणकट स्प्रिंगा असतात, त्यांच्यापुढे दहाचा दाब किरकोळ. कॅलिपरला मात्र अशी स्प्रिंग नसते. जुना मास्टर सिलेंडर तसाच ठेवून पुढे डिस्क लावली, की तो दहाचा दाब पॅडला डिस्कवर टेकवून ठेवतो. गाडी दारात उभी असताना काही कळत नाही. थोडं चालवून आल्यावर पुढच्या चाकापाशी जळका वास येतो, रिमला हात लावता येत नाही, आणि मालक कॅलिपर खराब म्हणून परत पाठवतो. दुसरा कॅलिपर येतो, वास तसाच. दोष झडपेचा असतो. म्हणून डिस्क-ड्रमसाठीचाच मास्टर सिलेंडर घ्यायचा. त्याचा पुढच्या चाकांसाठीचा कप्पाही मोठा असतो, कारण पॅड झिजत जातात तसं कॅलिपरमध्ये जास्त ब्रेक ऑइल उतरतं.

डिस्कला ड्रमची ती ओढून घेण्याची खुबी नाही, म्हणून पाय जड पडतो आणि बूस्टर लागतो. बूस्टर लावला की पेडलचं गुणोत्तरही बदलावं लागतं: बूस्टरशिवाय साधारण ६ला १, बूस्टरसह ४ला १. जुन्या पेडलवर बूस्टर जोडला तर पाय नुसता टेकवताच गाडी नाक खुपसते. बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो हेही लक्षात ठेवावं. ज्यांनी आवाजाच्या हौसेपायी इंजिनात तिखट कॅमशाफ्ट घातला आहे, त्यांच्या इंजिनाला व्हॅक्यूमच पुरेसं नसतं. त्यांनी पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट बसवावा किंवा साधा कॅमशाफ्ट परत घालावा. दुसरा सल्ला कुणी ऐकत नाही.

मागे डिस्क लावाव्या का? माझं मत स्पष्ट आहे: रिकाम्या पिकअपला गरज नाही. थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागचे ड्रम चांगले असतील, लायनर नवे असतील, तर ते पुरेसे आहेत, आणि हँडब्रेकही विनातक्रार चालतो. त्या पैशात एक बरा प्रपोर्शनिंग वाल्व घ्या, हातानं फिरवून मागचा दाब कमी-जास्त करता येणारा. तो रिकाम्या मैदानावर असा लावायचा की जोरात ब्रेक मारल्यावर पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी जाम व्हावीत.

चाकांच्या प्रकरणात हौसेला जागा आहे, पण गणितातून पळवाट नाही. १९७० पर्यंत या अर्धाटनी गाडीला सहा बोल्ट होते, साडेपाच इंची वर्तुळावर. १९७१ पासून पाच बोल्ट, पाच इंची वर्तुळावर. म्हणजे पुढे १९७१ चं स्पिंडल आलं की पुढे पाच आणि मागे सहा अशी गंमत होते, आणि स्टेपनी पुढे किंवा मागे, एकीकडेच चालते. मग एकतर मागच्या ॲक्सलचे शाफ्ट आणि ड्रम बदला, नाहीतर सहा बोल्टांचा डिस्क किट घ्या. मध्ये ॲडॅप्टर घालून वेळ मारून नेणारे पुष्कळ आहेत. मी ते सुचवत नाही आणि पुस्तकात त्याची कृतीही दिलेली नाही.

कारखान्याची साधारण बारा इंची डिस्क पंधरा इंची रिममध्ये बसते. कॅटलॉगमधली तेरा इंची डिस्क घेतलीत, तर सतरा इंची रिम घेणं आलंच, आणि त्याबरोबर नवे टायरही. रिमच्या मागच्या कडेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर फूटपट्टीनं स्वतः मोजावं, दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये. रिम जास्त बाहेर आली की बेअरिंगवर ताण येतो आणि खड्ड्यात स्टिअरिंगला झटके बसतात. टायरबद्दल एकच सांगतो, कारण ते फारसं कुणी सांगत नाही: मोटारीसाठीचा, नावापुढे पी असलेला टायर पिकअपला लावला, तर त्यावर छापलेल्या वजनक्षमतेला १.१ नं भागायचं असतं. हौद्यात खरंच सामान टाकणार असाल तर हा भागाकार करून मग टायर निवडा.

सस्पेन्शनमध्ये ही गाडी आपल्या काळाच्या पुढे होती. इतर पिकअपच्या मागच्या चाकांना पाटे असत तेव्हा शेवरोलेनं कॉइल स्प्रिंगा आणि दोन लांबलचक ट्रेलिंग आर्म दिले. हीच रचना नंतर नासकारच्या कप मालिकेतल्या गाड्यांनी उचलली आणि २०२१ पर्यंत वापरली. या आर्मकडे जवळून बघा. आय-आकाराचा पत्र्याचा छेद आहे, आणि तो थोडा पिळवटतो. एक चाक खड्ड्यात, एक वर, अशा वेळी ॲक्सलला तिरकं होऊ देण्याचं काम तो पीळच करतो. मजबुतीच्या नावाखाली हे आर्म वेल्डिंग करून पेटीसारखे बंद करणारे आहेत. मग मागचा भाग ताठर होतो, बुश फाटतात. तिथे कडक पॉलियुरेथेनचे बुशही मला पसंत नाहीत. पिळवटणाऱ्या सांध्याला रबरच बरं.

ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड असतो, एक टोक चॅसीला, एक ॲक्सलला. मूळ रॉड आखूड आहे. गाडी मागून चार-पाच इंच खाली घेतली की त्याचा कोन बदलतो आणि अख्खी ॲक्सल एका बाजूला सरकते. गाडीच्या मागे बसून बघितलं तर एक टायर मडगार्डच्या आत आणि दुसरा कडेला आलेला दिसतो. उपाय म्हणजे लांब, ॲडजस्ट होणारा रॉड. पुढे गाडी खाली घेण्याचा सभ्य मार्ग म्हणजे ड्रॉप स्पिंडल. त्यात चाकाचा दांडा अडीच इंच वर सरकवलेला असतो, बाकी आर्मचे कोन आणि स्प्रिंगची हालचाल जशीच्या तशी राहते. ग्राइंडरनं स्प्रिंगचे वेढे कापणं हा असभ्य मार्ग. गाडी खाली येते खरी, पण बंपस्टॉपवर बसते आणि प्रत्येक खड्डा कंबरेत जातो.

अलाइनमेंट मूळ पुस्तिकेप्रमाणे करून घेऊ नये. ते आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरचे आणि पॉवर नसलेल्या स्टिअरिंगचे आहेत. रेडियल टायर आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर कॅस्टर वाढवून घ्यावा. सरळ रस्त्यावर गाडी लगेच शहाणी होते.

जिवाशी संबंधित थोडं. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी. पुढची कॉइल स्प्रिंग दाबलेली असते, तिला स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय आर्म सोडू नये. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नये, स्टँड लावावेत. ब्रेकला फ्रिजच्या कामातली तांब्याची नळी वापरू नये. स्टीलची किंवा निकेल-तांब्याची घ्यावी, आणि तिची टोकं डबल फ्लेअर केलेली हवीत. सिलिकॉनचं डॉट ५ ऑइल डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नये.

एअर काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलेंडरची एअर तो गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच काढायची. मग सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. आतल्यानं पेडल दाबून धरायचं, बाहेरच्यानं निपल सोडायचा, बुडबुडे बघायचे, निपल बंद करायचा, मगच पाय उचलायचा. आतल्यानं आधी पाय उचलला की सगळी हवा परत आत. या कामात बरीच घरगुती भांडणं होतात, तेव्हा जोडीदार विचारपूर्वक निवडावा.

काढलेले जुने भाग फेकू नका. ड्रम, स्पिंडल, मूळ रिम आणि टोप्या खोक्यात घालून, नावं लिहून माळ्यावर ठेवा. पुढचा मालक गाडी मूळ रूपात नेऊ इच्छील, आणि त्याला ते भाग गाडीच्या रंगापेक्षा मोलाचे वाटतील. याच कारणासाठी पुस्तकातले बहुतेक बदल बोल्टांवरचे आहेत. चॅसी कापण्याचा प्रसंग फक्त एका प्रकरणात येतो, गाडी मागून फारच खाली घेणाऱ्यांसाठी, आणि ते काम वेल्डिंगचा परवाना असलेल्याकडूनच करून घ्यावं.

काम संपल्यावर पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, ताशी दहा मैलांनी, हँडब्रेक चालतो याची खात्री करून घ्यावी. परत आल्यावर चारही चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचनं तपासावेत आणि प्रत्येक पाइपाच्या सांध्यावर कोरडं बोट फिरवून बघावं. बोट ओलं झालं तर गाडी तिथेच उभी राहू द्यावी. आणि आपल्या ब्रेकच्या कामाबद्दल जराशी जरी शंका असेल, तर गाडी रस्त्यावर काढण्याआधी जाणत्या मेकॅनिकला दाखवून घ्यावी.